सातवी सही

मला लिहायला पत्रकांनी शिकवलं. मेहकरला कॉलेजात असताना वसतिगृहाच्या पाण्यावरून पहिलं पत्रक लिहिलं, अर्ध्या पानाचं. वर ‘जाहीर निषेध’, मध्ये सात मागण्या, खाली ‘आपले नम्र’ आणि आमची नावं. नम्र त्यात कोणीच नव्हतं. पाणी आलं, आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलं की नीट चिडून लिहिलं की जग हलतं. पुढची चार-पाच वर्षं मी रेशनवर, रस्त्यावर, शिष्यवृत्तीवर लिहीत राहिले. पत्रकात आभाराला जागा नसते. असलीच तर छापखान्याच्या नावाशेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात. मला ज्या बाईचे आभार मानायचेत ते तेवढ्या अक्षरात मावायचे नाहीत, म्हणून हे लांबण.

आमचं गाव जानेफळहून पुढं, शेतीचं. मी शिकून परत आले तेव्हा आम्ही पाच-सहा जण मिळून ‘मंच’ चालवायचो. मंच म्हणजे एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, एक कापडी फलक आणि माझी पत्रकं. वस्तीतलं समाजमंदिर रिकामं पडलं होतं, म्हणजे वापरात नव्हतं. रिकामं म्हणावं तर आत गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं, जो बांधकामाची कंत्राटंही घ्यायचा, सिमेंटच्या गोण्या रचून ठेवल्या होत्या. आम्ही ते समाजमंदिर मागायला ग्रामपंचायतीत गेलो. सरपंच म्हणाले, “मंच म्हणजे कोण? उद्या काही झालं तं मी कोणाले धरू? नोंदणीचा कागद आणा.”

मी चिडले. चिडले की मी कागद काढतेच. ठरलं, संस्था नोंदवायची.

त्याआधी बुलडाण्याला एका प्रशिक्षणाला गेले होते, दोन दिवसांच्या. तिथल्या सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला. टोकाला व्हिजन, खाली मिशन, त्याखाली गोल, तळाला ऑब्जेक्टिव्ह. प्रत्येकाला रंगीत कार्ड दिली. मी गुलाबी कार्डावर लिहिलं, ‘शोषणमुक्त, जातिमुक्त, भयमुक्त समाज’. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, “छान. हे व्हिजन झालं. आता खाली या.” मी काही खाली आले नाही. कार्ड पिशवीत टाकलं आणि जेवायला गेले. जेवण चांगलं होतं.

तर संस्थेची घटना टाइप करायला मेहकरला गेले. तहसीलजवळच्या टपरीत एक टायपिस्ट बसायचा, हसतमुख, कानावर पेन. त्यानं विचारलं, “उद्देश कोणते टाकू ताई? शैक्षणिक, सामाजिक, का सगळे?”

“सगळे,” मी म्हणाले.

दहा मिनिटांत कागद बाहेर. चौतीस उद्देश. तयार मजकूर होता त्याच्याकडे, वरचं नाव तेवढं बदलायचं. दुसऱ्याच्या पत्रकातला ऱ्हस्व-दीर्घ शोधून काढणारी मी, स्वतःच्या संस्थेचा कागद न वाचता घडी घालून निघाले. बसमध्ये खिडकी मिळाली होती, बाहेर बघत बसले. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

नोंदणीला कमीत कमी सात सभासद लागतात. सहा आमचे झाले. माझी सही, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या आमच्या मित्राची, बाकी चौघांची. सातवं कोण? मीच म्हटलं, मजूर बायांचं प्रतिनिधित्व पाहिजे. हा शब्दही मी पत्रकातूनच उचललेला. मनात काय होतं ते स्पष्ट सांगते. कागदावर एक मजूर बाई शोभून दिसेल, एवढंच होतं.

मजूर बाई म्हटलं की आमच्या गावात एकच नाव निघायचं. मी तिला मावशी म्हणते. निंदणाची, म्हणजे खुरपणीची, आणि सोंगणीची, म्हणजे कापणीची टोळी ती चालवायची. टोळीत आमच्या वस्तीतल्या बाया होत्या आणि वरच्या गल्लीतल्याही, बारा-पंधरा जणी. रोज सांजच्याला मावशी घरोघर फिरायची आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगायची. उद्या कोणाचं वावर, काम कोणतं, किती बाया लागतील, सुटी कव्हा, म्हणजे काम किती वाजता सुटणार. एवढं कळल्याशिवाय टोळीतली एक बाई घराबाहेर पाऊल टाकायची नाही. मी तिला हे सांगताना लहानपणापासून ऐकत आले होते. ऐकलं असं म्हणायचं, बाकी कोंबडं आरवतं तेही ऐकूच येतं.

रविवारी समाजमंदिराच्या अंगणात बुद्धवंदना झाल्यावर मी तिथल्या पायऱ्यांवर मावशीला गाठलं. टोळीतल्या चार-पाच जणी होत्या. मी कागद पुढं केला, पेन दिलं.

“इथं सही कर मावशी.”

“काय लिवलं याच्यात?”

“संस्थेचे उद्देश आहेत. आपण काय काय करणार ते.”

“मंग वाच.”

“लंबं आहे मावशी. चौतीस आहेत.”

“असू दे. आज कोठी निंदण हाय? वाच. मी सही केली तं उद्या तुमीच म्हणसान, मावशी, तू कबूल केलं होतं.”

मी वाचायला लागले. पहिले पाच-सहा बरे गेले. बालवाड्या, शाळा, महाविद्यालये काढणे. वृद्धाश्रम चालवणे. गोशाळा. नाट्य, नृत्य व संगीत यांचा प्रसार करणे. माझा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता. अठराव्याला मी अडखळले. ‘समुद्रकिनाऱ्यावरील मच्छीमार बांधवांचे पुनर्वसन करणे.’

 मग टोळीतली एक म्हणाली, “समुद्र कोणाच्या वावराले लागून हाय व?”

दुसरी म्हणाली, “सरपंचाच्या असंन. त्याच्याच वावरात सारं निंघते.”

त्या ज्या हसायला लागल्या! एकीला ठसका लागला, तिच्या पाठीवर दुसरीनं थापट्या मारल्या. मी लाल झाले. मावशी हसली नाही. तिनं विचारलं, “झालं वाचून?”

“अजून सोळा आहेत.”

“ऱ्हाऊ दे. मले एवढंच सांग. यातलं पह्यलं काम कोणतं, अन् सुटी कव्हा?”

मला राग आला. मी तिला व्हिजन म्हणजे काय ते सांगायला लागले. पिशवीतून गुलाबी कार्ड काढून दाखवलं. समाज बदलायचा तर नजर मोठी लागते, असं चार बायांच्या समोर साठीच्या बाईला ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं. मग पेन माझ्या हातात परत दिलं.

“बाई, तू चांगलं बोलतं. पण हे तं असं झालं, चौतीस वावरं अन् बाई एकच. मी नाही करत सही.”

ती निघून गेली. मी घरी आले आणि जेवले नाही. आई म्हणाली, “काऊन व, कोणावर निषेध हाय आज?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोळी होती त्या वावरात गेले. मावशीला समजावून सही घ्यायची, नाहीच दिली तर दुसरी बाई बघायची, असं मनात होतं. उन्हाळी भेंडीचं निंदण होतं. टोळी दिसली, पण नेहमीसारखी नव्हती. एकीकडे चार बाया अर्ध्या वावरात पुढं गेलेल्या, दोघी धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशीच, मधल्या दोघी हातात खुरपं घेऊन भांडत उभ्या.

निंदणाला बाया ओळीनं बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला दोन-तीन ओळी येतात, त्याला पात म्हणतात. या धुऱ्यावरून सुरुवात करायची, समोरच्या धुऱ्याला पोचलं की पात लागली. मावशीच्या टोळीची रीत अशी की पात सगळ्यांची एकदमच लागली पाहिजे. कोणी मागं पडली, कोणाला दिवस गेलेले असले, कोणाचा हात कापला, तर शेजारच्या दोघी तिच्या ओळी न बोलता आपल्या पातीत ओढून घेतात. त्या दिवशी कोणी कोणाच्या ओळी ओढत नव्हतं, कारण ओढा म्हणणारी तिथं नव्हती.

“मावशी कुठाय?”

“घरी. सून गेली ना मेहकरले, तं तिले नातीपाशी ऱ्हा लागते.”

मी मावशीच्या घरी गेले. ओट्यावर ती बसली होती, मांडीवर दहा महिन्यांची नात. बाईच्या हातात मी आयुष्यभर खुरपं किंवा इळा पाहिला होता. तो हात खुळखुळा वाजवत होता, आणि वाजवण्यात मन नव्हतं.

तिथं मला ते कळलं जे एका भिंतीच्या अंतरावर राहून मला माहीत नव्हतं. तिची सून मेहकरला नर्सिंग शिकत होती. शेवटचं वर्ष. बाळंतपणात हजेरी बुडली होती, आणि आता मॅडमनी सांगितलं होतं की जूनपासून एक दिवस जरी गैरहजर राहिलीस तर परीक्षेला बसता येणार नाही. बाळंतपणानंतर एक दिवस सून जायची, मावशी घरी. एक दिवस मावशी वावरात, सून घरी. मावशीचा मुलगा बाहेरगावी गाडीवर ड्रायव्हर. आतापर्यंत कसंबसं चाललं. पण आता मृग तोंडावर आला होता. सोयाबीनचं पहिलं निंदण एकदा लागलं की एक दिवसाआड चालत नाही, गवत रोज वाढतं. मावशी गेली नाही तर टोळी फुटणार. गेली तर सुनेचं वर्ष जाणार.

“अन् एकदा बसली घरी तं बसली व,” मावशी म्हणाली. “लेकरू मोठं होईस्तोर दुसरं होते. मंग कायचा कोर्स. माह्यं असंच झालं होतं. मी चौथीत होती, धाकट्या भावाले घ्याले घरी ऱ्हायली. आठ दिवस म्हणे माय. थे आठ दिवस अजून सरले नाहीत.”

मी विचारलं, “मावशी, मग काल काऊन नाही सांगितलं? सगळ्यांसमोर?”

तिनं नातीचं नाक पदरानं पुसलं. “तुमी समाज बदलून राह्यले. तुमाले कायले पाळण्याचं सांगू?”

मला बऱ्याच लोकांनी बरंच काही ऐकवलं आहे. पोलिसांनी, पुढाऱ्यांनी, नातेवाइकांनी. त्यातलं काहीच लागलं नाही. हे लागलं. टोमणा असता तर मी उलट उत्तर दिलं असतं. पण ती खरंच तसं समजत होती. आमचं काम इतकं मोठं की त्यात तिचं लेकरू मावायचं नाही, असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटावं म्हणून मी चार वर्षं अर्ध्या-अर्ध्या पानावर मेहनत घेतली होती.

पत्रकाची एक सोय असते. मागणी आपण करायची, काम दुसऱ्यानं करायचं. संस्थेच्या उद्देशात मागणी ज्याच्याकडे करायची तो आपणच असतो. हे बुलडाण्याच्या सरांनी सांगितलं असेल. मी जेवायला गेले होते.

मी चौतीस उद्देशांचा कागद पालथा केला आणि तिच्या ओट्यावर मांडी घातली.

“सांग मावशी. कोणाचं वावर, काम कोणतं, किती बाया, सुटी कव्हा.”

ती पहिल्यांदा हसली. “आता कशी बोलली.”

दुपारपर्यंत आम्ही बसलो. मध्ये नात झोपली, उठली, तिनं माझी ओढणी ओली केली. वावर कोणतं, तर समाजमंदिर. काम कोणतं, तर टोळीतल्या बायांची लहान लेकरं सांभाळायची. कोण सांभाळणार? टोळीतल्या दोघी होत्या, गुडघे गेल्यामुळं खाली बसून निंदता न येणाऱ्या, त्या. किती लेकरं? मावशीनं बोटावर मोजली, आठ. कधीपासून? “पह्यल्या निंदणाच्या आंधी. मंग केलं तं नाही केल्यासारखं.” सकाळी कधी? “मेहकरच्या गाडीच्या आंधी उघडलं पाह्यजे. नाही तं सुनेले काय उपेग.” संध्याकाळी टोळी सुटेपर्यंत.

मी ते सगळं उतरवलं. वाचून दाखवलं. मला ते फार छोटं वाटलं. खरं सांगते, मला त्याची लाज वाटली. आम्ही एवढे शिकलेले, आणि आमच्या संस्थेचा उद्देश काय, तर आठ पाळणे? मी चाचरत गुलाबी कार्ड काढलं.

“हे काढून टाकायचं का मग?”

“काऊन काढतं?” मावशी म्हणाली. “वर लिव. एकच लिव, पण लिव. निंदताना मान खाली असते ना, तरी मधातून एकडाव समोरच्या धुऱ्याकडे पाहा लागते. नाही पाह्यलं तं बाई वाकडी जाते, दुसरीच्या पातीत घुसते. धुरा दिसला पाह्यजे. पण निंदाचं तं पायापासचंच ना व.”

मी गुलाबी कार्डावरची ओळ सर्वांत वर लिहिली. त्याखाली ती म्हणाली तसंच, फक्त शहरी करून: कामाला जाणाऱ्या बाईचं काम आणि तिचं लेकरू यांतलं एक निवडायची वेळ गावात कोणत्याही बाईवर येऊ नये. त्याखाली त्या वर्षाची कामं. सगळं मिळून पाऊण पान. वाचून झाल्यावर मावशीनं पेन मागितलं आणि सातवी सही केली. सावकाश, जीभ दातात धरून, शेवटी एक रेघ ओढून.

टायपिस्ट मात्र खट्टू झाला. “एवढेच उद्देश ताई? जास्त असलेले बरे, पुढं कामी येतात.”

“काढा.”

“गोशाळा तरी?”

“काढा.”

“मच्छीमार राहू द्या ना. एखादं धरण-बिरण झालं तं?”

“दादा, काढा.”

त्यानं काढले, आणि कायद्याला लागतात तेवढी वाक्यं आपल्या अनुभवानं नीट बसवून दिली. माणूस चांगला होता. न वाचता कागद नेला त्यात चूक माझी होती.

कागद बुलडाण्याला दाखल झाला, पोचपावती सरपंचांना दाखवली, पण समाजमंदिरातल्या गोण्या काही हलेनात. आज हलवतो, उद्या हलवतो. मृगाचे चार शिंतोडे पडून गेले, पेरण्या झाल्या. मी पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं, अजून माझ्याकडे आहे. ‘समाजमंदिर कोणाच्या बापाचे?’ असा मथळा. वाटायला निघणार तेवढ्यात मावशी म्हणाली, “थांब. पह्यले मी बोलतो.”

ती त्या गोण्यावाल्या शेतकऱ्याच्या दारात गेली. मी मागं. तिनं पाणी मागितलं, प्यायली, पीकपाण्याची चौकशी केली. मग म्हणाली, “दादा, औंदा टोळीचा नंबर लावून राह्यली मी. कोणाचं निंदण आंधी, कोणाचं मंग.”

“माझं तं दरसाल पह्यलंच असते मावशी.”

“हाव ना. पण बायांचे लेकरं ठेवाले जागा नाही. अर्ध्याच बाया येतीन. तुह्यं वावर मोठं. अर्ध्या बायांत सुरू केलं तं गवत पुढं अन् बाया मांगं. म्हणून म्हटलं, तुह्यं शेवटी घेऊ. जागा होईस्तोर.”

 त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पत्रकाची पिशवी पाठीमागं धरली. तिसऱ्या दिवशी त्याचाच ट्रॅक्टर आला आणि गोण्या गेल्या. जाताना आतला हॉल त्यानं झाडूनही दिला, हे सांगितलं पाहिजे.

दुकानवाल्या मित्रानं पंखा दुरुस्त केला. झोळ्या बायांनी आपापल्या लुगड्यांच्या शिवल्या. त्या टांगायला छताला आठ आकडे लावले. पहिल्या दिवशी सकाळी मी आणि त्या दोघी दारात उभ्या. मावशीची सून कॉलेजचा पांढरा ड्रेस घालून आली, लेक आमच्याकडे दिली, दोनदा मागं वळली आणि गाडीला पळाली. तिची एक, अजून तीन. चार लेकरं आली. चार झोळ्या रिकाम्या.

न आलेली चारही वरच्या गल्लीतली होती. कारण मला कोणी सांगायची गरज नव्हती. समाजमंदिर आमच्या वस्तीत होतं. बायका एका पातीत बसत होत्या, एकमेकींच्या ओळी ओढत होत्या, पण लेकरू आमच्या वस्तीत झोपवायचं म्हटलं की घरातून ‘नाही’ येत होतं. त्यातली एक मला म्हणाली, “मी तं आणतो व, पण सासू नाही म्हणते.”

त्या संध्याकाळी मी मावशीपुढं उकळत होते. “मी लिहिणार आहे. नावानिशी लिहिणार आहे.”

“लिव,” ती म्हणाली. “पण मागं पडली म्हणून शिव्या देल्या तं पात लागते का? तिच्या ओळी ओढ. झोया काढू नको. आठच ठेव.”

मी झोळ्या काढल्या नाहीत. हे मला सोपं गेलं नाही, आणि जे सोसत आले आहेत त्यांनीच समजून का घ्यायचं हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता, आजही पडतो.  मावशीकडे फक्त चार रिकाम्या झोळ्या होत्या.

पाचव्या-सहाव्या दिवशी ती सासू स्वतः आली. पायरीवर बसली. आत आली नाही. आमच्या दोघी म्हाताऱ्या लेकरांना जोजवत होत्या, ती बघत राहिली.

“पाणी कोठचं देता?”

“नळाचं,” दोघींतली एक म्हणाली. “तुमच्या घरी येते ना, थेच. वरून तिखटमीठ नाही लावत त्याले.”

म्हातारीला हसू आलं, तिनं ते पदरात लपवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर. तिसऱ्या दिवशी नातू घेऊन आली, झोळीत घातला, आणि स्वतः झोळीची दोरी धरून आतच बसली, सुटी होईपर्यंत. सोयाबीनला फुलं लागली तोवर आठातल्या सात झोळ्या भरल्या. आठवी भरलीच नाही. आणि ती म्हातारी नातवासाठी पाण्याची बाटली अजूनही घरून आणते. यावर पत्रक लिहावं असं मला दर आठवड्याला वाटतं. वर लिहिलेल्या गुलाबी ओळीला अजून बरंच चालायचंय, एवढं त्या बाटलीकडे बघून रोज कळतं.

सून मात्र त्या पावसाळ्यात एक दिवसही गैरहजर राहिली नाही. नदीला पूर आला त्या दिवशीही अर्धी वाट चालत जाऊन पलीकडची गाडी धरली. परीक्षेचा पहिला पेपर होता त्या सकाळी तिच्या लेकीला ताप होता. ती दारात थांबली. पाय निघेना. मावशी वावरात जायला निघाली होती, हातात खुरपं.

“जा तू,” मावशी म्हणाली.

“आई, ताप हाय तिले.”

“हाय ना. तुले घरी ठेवून उतरते का? आज मी बसतो इथं.”

“अन् टोळी?”

“टोळी जाईन. आता जाते थे माह्याबिगर.”

आणि खरंच गेली. जिची सासू ‘नाही’ म्हणत होती त्या वरच्या गल्लीतल्या बाईनं त्या दिवशी टोळी नेली, आणि सांजच्याला सुटल्यावर समाजमंदिरात येऊन मावशीला सांगितलं, “साऱ्यायची पात संगंच लागली मावशी.” मावशी नातीच्या झोळीपाशी थर्मामीटर हातात घेऊन बसली होती, सुनेनं शिकवला होता बघायला.

निकाल सुनेनं माझ्या फोनवर बघितला, कारण तिच्या फोनला रेंज नव्हती. पास. मावशीला सांगितलं तर तिनं विचारलं, “मंग आता परत जा लागन का?” नाही म्हटल्यावर ओट्यावर टेकली. मग उठून चहा टाकला. साखर दोनदा पडली. आम्ही तसाच प्यायलो.

वर्ष सरल्यावर संस्थेची पहिली सभा झाली. मावशीची अट होती की कागद दरवर्षी मोठ्यानं वाचायचा. मी वाचला. त्या वर्षाच्या कामांपैकी पहिली ओळ झाली होती. मी तिच्यावर रेघ मारली आणि, सवयच आहे, उभी राहून आभाराचं भाषण सुरू केलं. मावशीनं समाजाला काय दिलं, संस्थेला कशी दिशा दिली. दोन वाक्यं झाली असतील.

“बस ना व खाली,” ती म्हणाली. “पात लागल्यावर धुऱ्यावर उभं ऱ्हाऊन भाषण करते का कोणी? दुसरी धर. कोणाचं वावर?”

टोळीतल्या बायांनी एकदम तीन-चार गोष्टी सांगितल्या. मी खाली बसले आणि लिहायला लागले. भाषण तिथंच राहिलं. ते आज इथं लिहिलं, कारण इथं ती मला खाली बसवू शकत नाही. पण लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल, हे मला माहीत आहे. त्यानंतरच ती सांगेल, बरोबर आहे का.